न निवलेली राख

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलेल्या मंडळींनी चितेवर दूध-पाणी शिंपडलं. सगळी राख निवली, पण छातीच्या जागेवरून निघणारी वाफ काही थांबेना.

“अण्णांचा जीव अडकलाय अजून,” त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका गहिवरून म्हणाले आणि त्यांनी आणखी एक तांब्या ओतला.

ही वाफ कशाची, ते अण्णांच्या सुनेने, शलाकाने ओळखलं. सासऱ्यांचं यंत्राचं हृदय प्लुटोनियमच्या उबेवर चालायचं. त्याची डबी काढल्याशिवाय अग्नी द्यायचा नाही, असा नियम होता. पण “मेल्यावर माझ्या भावाची चिरफाड नको” म्हणून काकांनी दहनाच्या अर्जावर ‘हृदय मूळचंच’ असं लिहिलं, आणि खाली शलाकाने मुकाट्याने सही केली होती.

तिने काठीने राख बाजूला सारली. डबी उकलली होती. आतल्या धातूची हिरवट भुकटी झाली होती. ही भुकटी कातडीला फारसं काही करत नाही. श्वासातून छातीत गेली, की मात्र जन्मभर निघत नाही, आतून पोखरत राहते.

“मागे सरा सगळे!” ती ओरडली.

सहा वर्षांची ईरा मात्र मूठ मिटून तिच्याकडेच धावत आली.

“आई, आजोबा अजून गरम आहेत गं,” ती म्हणाली, आणि मूठ उघडून तिने तळहातावरच्या राखेवर हळूच फुंकर घातली.