कोरा बोर्ड

हे वारल्यावर कंपनीनं मला त्यांच्याच टेबलावर कामाला घेतलं. तळहाताएवढे कॉम्प्युटर बोर्ड तपासायचे. कमांड टाकली की बोर्ड माइकमधून आवाज टिपतो अन् हेडफोनमध्ये परत ऐकवतो. हे त्यासाठी टेबलावर दोनदा नख वाजवायचे. मी आपली खोकते. आज खोकायच्या आधीच स्क्रीनवर ‘पास’ आलं. हेडफोनमध्ये दोनदा नख वाजलं, मग ह्यांचा आवाज, रोज सुटीनंतर फोनवर यायचा तसाच: “निघालो गं.” मी बोर्ड सुपरवायझर बिभीषण सरांपुढं धरला. “ह्यात जुनं रेकॉर्डिंग राहिलं असंल का?” सरांनी तो उलटा केला. “कोरा हाय, ताई. ह्याला अजून माइकच बसवला नाय.” तेवढ्यात बजाजनगरहून सासूबाईंचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदाच त्या हसत होत्या. “शीला, येताना दूध आण. दोनदा टकटक झाली म्हणून दार उघडलं, तर माझा लेक! चहा मागतोय.”