व्यवस्थापकाची निवड

भिवंडीच्या व्यावसायिक हॉकी संघाला व्यवस्थापक कोण नेमावा, यावर आमची समिती दोन तास भांडत होती. एका उमेदवाराकडे परदेशी पदवी होती, दुसऱ्याच्या घरात संघमालकांची बहीण. इतक्यात खेळाडूंचे कपडे धुणारी बायडी दार ढकलून आत आली.

"सायेब, उद्याच्या मॅचला भरत न्हाय. त्याची आय आजारी हाय. भाकरी बांधून दिली न् खारबावला घरी धाडला त्याला. कल्पेशला तयार ऱ्हायला सांगितलंय."

मालक गरजले, "कोणाला विचारून?"

"कोणाला विचारू? मॅनेजर तर तुमी अजून शोधताय!"

इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मी लिहिले, ‘पद रिक्त नाही. ते श्रीमती बायडी सांभाळत आहेत.’

मालकांनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही केली.