लिलाबाईची सावली

लिलाबाईनं आपलं लुगडं तुराट्यांच्या कुडावरून झोकलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. कुडाच्या आत शेजारची अंजना उघड्या पाठीनं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसली होती. आणीबाणी उठली त्या साली दसऱ्यानंतर ऊन असं पडलं, की रिठदचे कावळे एकमेकांच्या सावलीत उडत. गावात उन्हात कोणी दिसलं, की आधी "सावलीत ये" म्हणायचं, मग खुशाली विचारायची.

"बस आता निवांत," लिलाबाई म्हणाली. "देवमनले अक्कल नाई. चारी बाजूनं कूड केला अन् वरतं छप्परच विसरला."

वावरातून आलेला देवमन लुगडं पाहून जागीच थबकला. त्यानं ते हळूच ओढलं, घडी घातली आणि तिच्या हातात दिलं.

"छप्पर मुद्दामच नाई घातलं, मावशी."

"काहून? जाळून राह्यला काय बायकोले?"

"नागपूरच्या डाक्टरनं गोळी देल्ली. ते खाऊन पाठीले ऊन लागलं, तं चट्टे जातीन म्हणे. नाई तं त्याच्या गाठी होतीन. अन् गाठी झाल्या..."

लिलाबाईनं कुडाच्या फटीतून त्या तांबड्या चट्ट्यांकडे पाहिलं. "मंग तू काहून नाई बोलली वं?"

"एवढ्या मायेनं टाकलं तुमी," अंजना म्हणाली. "काढा कसं म्हणू?"

"तसंही ऊन घटकाभरच भेटते," देवमन खाली पाहत म्हणाला. "मंग तुमच्या लिंबाची सावली येते."

तो लिंब म्हणजे लिलाबाईचा थोरला लेकच. एकदा एसटी बंद पडली, तर अख्खी गाडी कंडक्टरसकट त्याच्याखाली झोपली आणि तरी दोन म्हशींना जागा उरली, असं ती शपथेवर सांगे.

पुढच्या गोळीच्या दिवशी तिनं सकाळीच देवमनला कुऱ्हाड देऊन लिंबावर चढवलं. मोठी फांदी पडली तेव्हा मात्र तिनं तोंड फिरवलं.

दुपारी नेहमीच्या बाया टेकायला आल्या, तर लिंबाखालच्या ओट्यावर लखलखीत ऊन. लिलाबाई डोक्यावर पदर घेऊन कुडाला टेकून बसलेली. आत अंजनाची पाठ, बाहेर हिची.

"काय वं लिलाबाई, सावली कुठं गेली तुयी?"

"नागपूरले गेली, दवाखान्यात," लिलाबाई म्हणाली. "अंजनाची पाठ बरी झाली, की येते वापस."