बिबट्यानं नेलेला वरवंटा

वरवंटा काही केल्या सापडेना. पाळणा टांगून झाला, घुगऱ्या शिजल्या, वस्तीतल्या बाया नव्या साड्या नेसून येऊन बसल्या, अन् वरवंटाच न्हाई. बारशाला आधी त्याचा मान. त्याला झबलं-टोपडं घालायचं, पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं, मंग लेकराची पाळी. लेकरू दगडावानी टणक निपजावं म्हणून.

"सांगितलं न्हाई का," अंगणापल्याडच्या गोठ्यातून रूपाबाई ओरडली. "वरवंटा बिबट्यानं नेला."

बाया हसल्या. ही गोष्ट त्यांना पाठ होती. बिबट्या औंढ्याच्या डोंगरातून उतरला. त्यानं पाट्यावरची मिरची चाटली. तोंड पोळलं, तसा रागारागानं वरवंटा दाढेत धरून पळाला. परवा एकच बिबट्या होता. आज त्याच्यासंगं त्याची बायको बी आली होती, अन् ती म्हणली म्हणं, नुसता वरवंटा काय आणला, पाटा कुठाय?

सुनिता हसली न्हाई. तिच्या मांडीवर बारा दिसांची लेक होती, अन् सासूनं, रूपाबाईनं, अजून तिला हात लावला नव्हता.

औंढ्याच्या दवाखान्यातून बाळ-बाळंतिणीला घेऊन जीप आली, त्या दिशी रूपाबाई लिंबाखाली उभी होती. तिथूनच तिनं हात ओवाळले अन् कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. जवळ आली न्हाई. सांजच्याला वाकळ उचलून गोठ्यात गेली. शेळी गाभण हाय, म्हणली. दोन दिसांनी म्हणली, शेळी खोकून राहिली. खोकल्याचा आवाज यायचा खरा. मंग म्हणली, शेळी माणसावानी बोलली, रूपाबाई, मला टाकून जाऊ नको. ताट बी दाराबाहेर ठेवायला लावायची. सुनितानं नवऱ्याला इचारलं तर सुदाम म्हणायचा, "मायचं कोण खरं धरतं?"

नणंद सिंधूबाई सकाळीच सासरहून, जवळा बाजार गावाहून आली होती. ती सुनिताच्या कानाशी लागली.

"माय माझी हाय, पण सांगते. पोरगी झाली म्हणून रुसली असंल म्हातारी."

थोरल्याच्या वेळेला असं नव्हतं. रामप्रसाद आजीच्या मांडीवरून खाली उतरायचा न्हाई. दोन महिन्यांचा झाला अन् त्याची छाती उडायला लागली. दूध ओढंना. हिंगोलीच्या दवाखान्यात अकरा दिस नाकात नळी होती. त्या हिवाळ्यात त्यांच्या आंध आदिवासींच्या वस्तीतली तीन लेकरं एकाच खोलीत होती. डॉक्टर म्हणाले, व्हायरस हाय, मोठ्या माणसाला नुसती शिंक आणतो अन् तान्ह्याच्या छातीत जाऊन बसतो. तिघंही बरी होऊन घरी आली. रामप्रसाद आता दोन वर्षांचा झाला होता अन् घुगऱ्या खात बसला होता.

नातवासाठी दवाखान्याच्या ओसरीत अकरा दिस बसणारी हीच बाई. नातीला मात्र साधी मांडी न्हाई.

"आक्का, हिला धरा जरा," सुनिता म्हणली. लेक नणंदेच्या मांडीवर दिली अन् सरळ गोठ्याकडं निघाली. आज तोंडावर इचारायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

गोठ्याचं कुडाचं दार तिनं ढकललं.

रूपाबाई पाठमोरी बसली होती. मांडीवर मऊ लुगड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. ती त्याला थापटत होती अन् बारीक आवाजात बिबट्याच्या बायकोची गोष्ट सांगत होती. लुगड्यातून काळा दगड डोकावत होता. दगडाच्या कपाळाला काजळाची तीट लावली होती.

मंग खोकला आला. लांबलचक. शेळी गुमान पाला चघळून राहिली होती.

"आत्याबाई?"

रूपाबाई दचकली अन् पदर नाकाला लावला. "तिथंच थांब. दाराच्या आत येऊ नको."

"काहून?"

म्हातारी वाकळीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत बसली. गोष्ट रचायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"रामप्रसादला कुणाची सर्दी लागली ठाव हाय? माझी. नाक पुसलं अन् तसंच मांडीवर घेतलं. कुणी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई." तिनं वरवंट्यावरचं लुगडं नीट केलं. "तू यायच्या आदल्या दिशी परत नाक गळाया लागलं. मांडी तर रिकामी ऱ्हायना, बाई. याला सर्दी लागत न्हाई."

सुनिता दारात उभी राहिली. डोळे पुसावे की हसावं, तिला कळंना.

"खोकला उतरला हाय आता," रूपाबाई घाईनं म्हणली. "दवाखान्याची आशाताई मागंच सांगून गेली, पुरा गेल्याबिगर तान्ह्याजवळ जायचं न्हाई. हा वरवंटा घेऊन जा. बाया खोळंबल्या असतील. अन् त्यांना सांगू नको. हसतील मला."

तिनं वरवंटा उचलला, पण हात काही पुढं येईना.

"ऱ्हाऊ द्या," सुनिता म्हणली. "झोप मोडंल त्याची."

अंगण ओलांडून ती घरात आली. फळीवरचा खलातला बत्ता काढला, त्याला टोपडं घातलं अन् पाळण्यापाशी बसली. नणंदेकडून लेक घेतली. लेकीनं जांभई दिली.

"बत्ता काहून वं?" सिंधूबाईनं इचारलं. "वरवंटा न्हाईच सापडला का?"

"सापडला की. बिबट्यापाशीच हाय." सुनितानं लेकीच्या कपाळाला तीट लावली. "मांडीवर घेऊन थापटून राहिला, आक्का. म्या डोळ्यानं पाह्यलं."