कुंडमवरची हवा

"उद्या या मॅडमना जमिनीवरच ठेवा," नीलकंठ सर म्हणाले. विनता समोर बसली होती, तरी ते बोलले मोहिमेच्या प्रमुख कुंदा मॅडमशी.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. अकरा महिन्यांचं लेकरू सासूजवळ टाकून बाई वादळी ढगात शिरली, की हातपाय कापणारच. मागच्या उड्डाणात त्यांनी तिचा चेहरा पाहिला होता. विमानात शास्त्रज्ञांना जागा दोनच. तिच्या जागी दिवाकर जाईल, त्यांचाच विद्यार्थी. त्याच्या घरी पाळणा नाही.

खोलीत कोणीतरी हसलं. विनताचा फोन टेबलावर उताणा पडला होता. घरून काही येतं का, म्हणून तिची नजर दर थोड्या वेळानं तिकडे जात होती. सरांनी तेही पाहिलं आणि कुंदा मॅडमना डोळ्यांनी दाखवलं. या जागेसाठी ती घरी महिनाभर भांडली होती. इथे ती भांडली नाही. तिनं भिंतीवर आलेख लावला.

ढगात शिरलं की विमानात दोन यंत्रं चालत. एक ढग मोजायचं, त्यातले थेंब आणि विमानाला बसणारे हिसके. दुसरं नळीनं बाहेरची हवा ओढून तिच्यातले वायू मोजायचं. ढगवाल्यांचं आणि वायूवाल्यांचं आपसात पटत नसे, म्हणून दोन्ही नोंदी वेगळ्याच पडून होत्या. त्या एका घड्याळावर आणून जुळवायचं काम विनताकडे आलं, कारण ते कोणालाच नको होतं.

सरांचा शोध वायूंच्या नोंदीतला होता. झाडं सोडतात तो एक वायू, आयसोप्रीन, मझौलीच्या शेतांवरच्या ढगात दिसला नव्हता. कुंडमच्या जंगलावर मात्र त्याची रेघ सुळक्यासारखी उठली होती. वादळ जंगलाची हवा एवढ्या उंच उचलून नेतं, असा त्याचा अर्थ. त्याच उड्डाणात मझौलीनंतर सर वैमानिकांमागची जागा सोडून मागे आले होते. माझं यंत्र मीच बघतो, म्हणाले, आणि नळीजवळच्या खुर्चीतून विनताला उठवून पुढे धाडलं, ते विमान उतरेपर्यंत. म्हणूनच शोध आपल्या हातून लागला, हे ते सगळ्यांना सांगत.

विनतानं दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. कुंडमवरचा प्रत्येक सुळका एकेका हिसक्याच्या मागोमाग उठला होता.

"ढगात हिसके बसणारच," सर म्हणाले. "हवाच वर चढून राहिली तिथं. काहून वेळ घालवता, मॅडम?"

तिनं बोट पुढे सरकवलं. परतताना तिलवाऱ्यावर एक जबर हिसका बसला होता. तिथे ढग नव्हता, जंगल नव्हतं, खाली नर्मदेचं पात्र होतं. सुळका तिथेही होता, सगळ्यांत उंच.

"हा वायू माणसाच्या श्वासातही असतो, सर," विनता म्हणाली. "घाबरून अंग आवळलं, की जास्त."

नळीचा जोड तिनं सकाळीच मेकॅनिककडून पाहून घेतला होता. तो विमान निघतानाच नीट आवळलेला नव्हता. बाहेरच्या हवेत विमानातली हवा मिसळत होती, खुर्चीच्या अगदी पाठीमागे.

शोध गेला होता. सर कुंदा मॅडमकडे वळले आणि हसले.

"चलो, मान लिया. जंगल नाही तर नाही. पण सकाळपासून मी दुसरं काय सांगून राहिलो? आता तर मशीन ही बोल रही है. विमानात घाबरलेलं माणूस कोण होतं, हे अजून सांगायला पाहिजे काय?"

कुंदा मॅडम उठून भिंतीजवळ गेल्या. चष्मा वर करून त्यांनी मझौलीचा भाग पाहिला. तिथले हिसके कुंडमच्या हिसक्यांपेक्षा लहान नव्हते. वायूची रेघ मात्र सपाट होती.

"इथे नळीजवळ कोण होतं?"

"मी," विनता म्हणाली.

मॅडमनी कुंडमवर बोट ठेवलं, पण प्रश्न पुन्हा विचारला नाही. सर खाली बघून लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

"उद्या नळीजवळ विनता बसेल," मॅडम म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "एक सांग. तुला खरंच भीती नाही वाटली?"

विनतानं फोन उचलला. घरून काही आलं नव्हतं.

"खूप वाटली, मॅडम. पण पोरगी रोज दुपारी माझ्या छातीवर झोपते. कितीही दचकले, तरी मी अंग सैलच ठेवते, श्वास हलू देत नाही. ती उठते ना."