तेराव्याची गाय

बाबांच्या तेराव्याला आईला गोदान हवंच होतं. अमेरिकेत, अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये गाय कुठून आणणार? इलानं एका संस्थेमार्फत व्हिएतनाममधल्या गरीब कुटुंबाला बाबांच्या नावानं गाय डोनेट केली. आईनं गायीच्या फोटोला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा कुठे तिला झोप लागली.

वर्षभरानं त्या कुटुंबाचा व्हिडिओ आला. लेकीचं लग्न होतं, अंगणात गाव जेवत होतं. नवरीचा बाप वाकून काहीतरी बोलला. खाली बारीक इंग्लिश अक्षरं उमटली: ‘तुमची गाय कापली, म्हणून गावाला जेवू घालता आलं.’

आईला ती वाचता येईनात. “काय म्हणतोय गं?”

“तुमच्या गायीमुळे गाव जेवलं, म्हणतोय.”

आईचे डोळे भरून आले.

“एवढी माणसं जेवली... गायीला आधी घास काढला असेल ना गं त्यांनी?”