नमतं टोक

इगाराशींनी पेन उचललं, श्वास रोखला आणि टॅबलेटच्या काचेवर ठक्‌ करून दाबलं. टोक पेनाच्या पोटात गेलं.

"गेलं," ते म्हणाले.

"गेलं नाही, तुम्ही घालवलंत." चिनामी आशिझावाने चिमट्याने टोक ओढून काढलं. ते खालून चपटं झालं होतं.

"अहो आशिझावाबाई, जन्मभर शिक्का दाबत आलोय. आता एकदम गोंजारा म्हणता."

जपानमधल्या ताकाओकातल्या त्या पतसंस्थेत मोठ्या कर्जापासून चहाच्या पुड्यापर्यंत प्रत्येक कागदावर सहीऐवजी ज्याच्या त्याच्या नावाचे लाल शिक्के लागत. मुख्य कार्यालयाने ते बंद करायचं ठरवलं. सगळ्यांना टॅबलेट दिले, पेनं दिली आणि हे काम मार्गी लावायला चिनामीला वर्षभराच्या करारावर घेतलं. तिचं शिक्षण पदार्थविज्ञानात झालं होतं, तेव्हा यंत्रातलं तिला कळतच असणार, असा मुलाखत घेणाऱ्यांचा समज होता. करार या शुक्रवारी संपत होता. मुदतवाढीचा तिचा अर्ज टॅबलेटवर दोन सह्यांसाठी अडकला होता. एक विभागप्रमुख इगाराशींची, दुसरी शाखाप्रमुख नुकागांची. आणि सही होईल असं पेन शाखेत एकही उरलं नव्हतं.

तिचा मुलगा नुकताच कॉलेजात गेला होता. या वयात दुसरी नोकरी मिळेल, असं चिनामीला वाटत नव्हतं. आपण हे काम चोख करून दाखवलं तर आपल्याला ठेवतील, असं मात्र वाटत होतं.

पेनाचं टोक घासून झिजतं, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. इथे ते झिजायच्या आधीच मरत होतं. तिने दुसरी पेनं मागवून पाहिली. निम्म्यांना ही काच ओळखच देईना. टेकवली तरी रेघ नाही. काहींची रेघ उमटली, पण त्यांना टोकं त्यांच्याच कंपनीची लागत, आणि ती मिळेनाशी झाली होती. शेवटी तिने पेनं तीच ठेवली आणि त्यांत बसणारी तीन तऱ्हांची टोकं मिळवली. घरून स्वयंपाकाचा वजनकाटा आणला, त्यावर टॅबलेट ठेवला आणि इगाराशींना सही करायला लावली. काट्यावर एका जाडजूड मुळ्याएवढं वजन दिसलं.

"एवढं?" इगाराशींना जरा अभिमानच वाटला.

स्केचपेनसारखं मऊ टोक जेवणाच्या सुट्टीआधीच अळंबीसारखं पसरलं. कडक टोक टिकलं, पण काचेवरून घसरायचं. इगाराशींचं नाव आपल्या चौकटीतून सटकलं आणि थेट नुकागांच्या चौकटीत जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुकागांना गोड वड्यांचा डबा नेऊन दिला आणि दारात उभं राहून दोनदा माफी मागितली.

तिसऱ्या टोकाच्या पोटात बारीकशी स्प्रिंग होती. दाबलं की आत जायचं, सोडलं की बाहेर यायचं. इगाराशींनी ठक्‌ केलं. टोक नमलं, सावरलं, आणि सही जागच्या जागी उमटली.

"जमलं की हो," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी चिनामी आणि इगाराशी दोघं नुकागांच्या खोलीत गेली. नुकागांनी कोऱ्या पानावर एक सही केली, मग आणखी एक.

"वा. म्हणजे शिक्के बंद झाले."

"हो, साहेब," चिनामी म्हणाली.

नुकागांचा हात नकळत टेबलाच्या खणाकडे गेला आणि परत आला. त्यांनी तिचा अर्ज उघडला, वाचला, चष्मा काढला.

"मुख्य कार्यालयाने सांगितलं होतं, शिक्के बंद होईपर्यंत माणूस ठेवा. आता ते झाले. मग मुदतवाढ कशासाठी मागू? काम फार छान केलंत, म्हणून?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

चिनामीने पेन हातात घेतलं. चिमट्याने स्प्रिंगचं टोक काढून खिशात टाकलं आणि कडक टोक बसवलं.

"एक चाचणी राहिलीय, साहेब. पुन्हा एकदा सही कराल?"

नुकागांनी दाबलं. पेन सुळकन निसटलं. 'नु' कसाबसा चौकटीत राहिला, बाकीचं नाव काच ओलांडून टेबलावर गेलं. नुकागांनी चष्मा पुन्हा लावून ते अक्षर पाहिलं.

"हे काही नीट जमलेलं दिसत नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अजून वर्षभर तरी लागेल, नाही?"

"निदान," चिनामी म्हणाली.

"तेच म्हणतो मी. इगाराशी, हा अर्ज कागदावर छापून आणा. एवढ्या महत्त्वाच्या कामात या पेनाचा काय भरवसा."

इगाराशी जवळजवळ धावतच गेले आणि आले. खणातून शाईची डबी निघाली. डावीकडच्या चौकटीत नुकागांचा शिक्का ताठ उमटला. त्याच्या शेजारी इगाराशींनी आपला उमटवला, साहेबांच्या बाजूला थोडा कललेला, कमरेत वाकल्यासारखा. वरिष्ठांच्या शेजारी तो तसाच उमटवायचा असतो.

शेवटची चौकट अर्जदाराची होती.

"तुम्ही सहीच करणार असाल ना?" नुकागांनी आदराने शाईचं पेन पुढे केलं. "तुमच्याकडे शिक्का कुठला असणार."

चिनामीने पर्समधून आपला शिक्का काढला आणि इगाराशींच्याहूनही जास्त वाकवून उमटवला.